पाणी प्यायल्याशिवाय नंबर नाही

किराणा मोबाइलवरून मागवायची अक्कल आमच्या घरात पहिल्यांदा मीच काढली. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अजून मधूनच म्हणतो, "तुझ्या त्या ॲपनं..." आणि वाक्य अर्धंच सोडतो. मला अर्धी वाक्यं आवडत नाहीत. म्हणून पुरतं लिहून काढते.

आई निपाणीत एकटी राहायची. आम्ही दोघं भावंडं बेळगावात, मी खासबागेत दुसऱ्या मजल्यावर, अण्णा शहापुरात. मी कॉलेजच्या ऑफिसात, अण्णा सरकारी कचेरीत. दोन्हीकडं आईसाठी जागा होती आणि दोन्हीकडं ती येत नव्हती. निपाणीतलं दोन खोल्यांचं घर तिनं तंबाखूच्या वखारीत चाळण मारून आणि घरी विड्या वळून उभं केलेलं. उतारा तिच्या नावावर. "हे घर मी बोटांनी बांधलंय, बोटं हलत्यात तवर मी हितनं हलनार न्हाय," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ती "हे घर" म्हणाली की आम्ही पुढचं मनातल्या मनात म्हणून घ्यायचो.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी ती बाजारात पडली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारसायकलवर जाऊन आदळली. मनगट सुजलं, गुडघा फुटला. मी त्या गाडीवाल्याला फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या, गाडी कुठंही लावतोस, तुझ्या बापाचा रस्ता आहे काय वगैरे. उभ्या गाडीवर माणूस आदळतं कसं, हा प्रश्न मला पडला नाही. राग आला की मला प्रश्न पडत नाहीत.

अण्णानं मात्र तिथल्या तिथं ठरवून टाकलं. "बास झालं. घराला कुलूप घालायचं आन बेळगाव." आईनं दोन दिवस जेवण सोडलं. चौऱ्याहत्तरीची बाई उपाशी बसते म्हटल्यावर अण्णा घाबरला, पण हट्ट सोडेना. तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, बाजारात जायचंच कारण उरलं नाही तर? आता निपाणीतबी घरपोच सामान येतंय. मी बेळगावातनं मोबाइलवर मागवीन, हिच्या दारात पिशव्या येतील. दळणाला शेजारीण आहेच.

अण्णा म्हणाला, "तीन महिनं बघू. एक जरी भानगड झाली तरी कुलूप. मग कुनाचंबी ऐकनार न्हाय."

बाजार द्यायचा आणि घर ठेवायचं, असा तो सौदा होता, आणि तो आईनं मुकाट्यानं पत्करला. मला वाटलं, मी केवढी शहाणी.

बाजारातली आई मी लहानपणापासून बघितलेली. ती कधीही पाकिटातलं काही घ्यायची नाही. गल्लीच्या तोंडाला जे किराणा दुकान होतं त्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तूरडाळ मुठीत घेऊन हळूच सोडायची, "ही गेल्या साली ठेवल्याली हाय," म्हणायची, आणि दुकानदार हसून दुसरं पोतं उघडायचा. गूळ नखानं खरवडायची. मिरची कानाजवळ नेऊन हलवायची. वखारीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला हाताचं सगळं कळतं असं तिथले लोक म्हणायचे, आणि मला त्या वेळी त्याची लाज वाटायची. बाकीच्या मैत्रिणींच्या आया यादी द्यायच्या आणि पिशवी घ्यायच्या. आमची आई पोत्यात हात घालून उभी.

आता यादी फोनवर सुरू झाली.

"चहापूड," ती सांगायची.

"कुठली?"

"नेहमीची."

"अगं, इथं वीस प्रकार आहेत. पिवळं पाकीट का लाल पाकीट?"

"जिला वास येतोय ती."

"वास मोबाइलवर येत नाही, आई."

"मग तुझं तू बघ. मला काय इचारतीस?"

असं प्रत्येक वस्तूला. माझा डबा खायचा वेळ त्यातच जायचा. मी चिडायची आणि हाताला येईल ते निवडायची.

पहिली खेप आली त्या संध्याकाळी तिचा फोन. सामान कसं आहे ते सांगेल म्हटलं, तर म्हणाली, "त्यो मानूस पानी न घेता गेला."

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या लहानपणी आमच्या वस्तीत येऊन पाणी पिणारी माणसं मोजकी होती. वखारीतल्या आईच्या मैत्रिणीसुद्धा दारापर्यंत यायच्या, उंबऱ्याबाहेर बसून तासभर बोलायच्या, आणि पाणी म्हटलं की "आत्ताच पिऊन आलो गं" म्हणायच्या. ऐन वैशाखातही कुणालाच तहान नसायची. आईनं आपलं घर बांधलं तेव्हा एक नियम केला. दारात जो येईल त्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, आणि तो प्यायल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. पोस्टमन असो, मीटर बघणारा असो. माझी सोयरीक घेऊन जे आले त्यांतल्या एकानं "उपास हाय" म्हणून पाणी टाळलं, तर आईनं उभ्या उभ्या त्या स्थळाला नकार दिला. मुलगा बरा होता, मला आवडलाही होता. ते असो.

तर सामान आणणारा माणूस पायरीवर पिशव्या ठेवून, फोटो काढून, निघून गेला होता. आईनं पाणी आणेपर्यंत गाडी चालू.

"आई, त्यांना घाई असते गं. एका दिवसात पन्नास घरं करायची असतात."

"घाई तवाबी हुती लोकास्नी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला ते लागलं. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता, त्याला आमची जात माहीत असायचं कारण नव्हतं, आणि माहीत असती तरी बहुधा त्याच्या गावी नसती. पण आईला हे कोण पटवणार? दुसऱ्या खेपेला त्याचा मला फोन आला. पहिल्या खेपेला फोटोवर भागलं होतं, पण आता ओटीपी माझ्या मोबाइलवर यायला लागला, म्हणून दर वेळी तो दारातनं मला फोन करायचा. "आक्का, नंबर सांगा."

मी म्हटलं, "भाऊ, आधी आत जाऊन पाणी प्या. प्यायल्याशिवाय नंबर नाही."

तो हसला. आवाजावरून माझ्याच वयाचा वाटला. "ही कुठली नवी रीत काढलासा?"

"जुनीच आहे."

पलीकडून दाराचा, तांब्याचा, आईच्या बोलण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "प्यालो. गूळबी खाल्ला. सांगा आता." मी नंबर सांगितला. त्या संध्याकाळी आईचा आवाज इतका खुलला होता की मी स्वतःवर खूश होऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना हा किस्सा सांगितला. पुढं तो ठरूनच गेला. दर आठवड्याला फोन, "प्यालो आक्का, सांगा नंबर," आणि मी सांगायची.

गुळावरनं मात्र कटकट व्हायची. ॲपवर मिळायचा तो गूळ म्हणजे भुकटी. "ह्यो गूळ हाय का कोंडा? मानसाच्या हातावर काय ठेवू?" आईचं म्हणणं खरं होतं. मग मी डोकं चालवलं आणि खडीसाखर मागवली. खडा हातावर ठेवता येतो, दिसायलाही बरा. त्याच खेपेत तुरटी मागवली, कारण उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी येत होतं आणि आई हंड्यात तुरटी फिरवून पाणी निवळायची. दोन्ही पाकिटं आली. पातळ प्लॅस्टिक, आत पांढरे खडे.

त्यानंतर महिना-दीड महिना तिच्या दोन तक्रारी चालू होत्या. एक, हंड्याला मुंग्या लागतात. मी म्हटलं, उन्हाळा आहे, मुंग्या पाण्याला येणारच. दुसरी, "तुरटी खोटी दिलीया गं. चार फेऱ्या मारल्या की इरघळून जाती, आन पानी हाय तसंच." ह्या तक्रारीवर मी कामाला लागले. ॲपवर तुरटीला एक तारा दिला, खाली कडक शब्दांत लिहिलं की वयस्क गिऱ्हाइकांना भेसळीचा माल देता, लाज वाटत नाही का. त्यांचा माफीचा संदेश आला. तो मी आईला वाचून दाखवला. एवढं सगळं कळूनही मला काहीच कळलं नाही.

तीन महिने भरले त्या रविवारी अण्णा आणि मी निपाणीला गेलो. मी मुद्दाम त्याच दिवशीची खेप लावली होती. सगळं कसं सुरळीत चाललंय ते अण्णानं डोळ्यांनी बघावं, असा माझा बेत. घर झाडलेलं होतं, भांडी जागच्या जागी होती, आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलेलं होतं. अण्णा चारी कोपऱ्यांत नजर फिरवून आला. त्याला बोट ठेवायला जागा मिळेना. मला बरं वाटत होतं.

आई तांब्या आणि वाटी घेऊन आली. अण्णाला शुगर आहे, त्यानं नुसतं पाणी घेतलं. "तुला न्हायच. ही उन्हातनं आलीया, हिला," म्हणत तिनं माझा हात चाचपला आणि तळव्यावर खडा ठेवला. मी तो तोंडात टाकला.

जीभ टाळ्याला चिकटली. गाल आत ओढले गेले. तुरटी होती.

आई माझ्या समोर उभी होती. तिचे डोळे माझ्याकडं होते, पण माझ्या तोंडाकडं नव्हते. खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर कुठंतरी. "ग्वाड लागतंय न्हवं?" तिनं विचारलं.

उभी मोटारसायकल. लाल का पिवळं, तुझं तू बघ. टीव्हीत आता बघन्यासारखं काय उरलं न्हाय, हे तिचं फोनवरचं म्हणणं. मागं एकदा आले तेव्हा निवडायला घेतलेलं सूप शेजारणीच्या मांडीवर. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं असं मी म्हणणार नाही. आधी ती मोटारसायकल आली. मग एकेक येत राहिलं.

अण्णा मोबाइलमध्ये बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर संध्याकाळपर्यंत घराला कुलूप लागलं असतं. मी म्हटलं, "गोड आहे की." आणि तांब्याभर पाणी प्याले. आईसाठी गप्प बसले असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. खरं म्हणजे मला अण्णापुढं हरायचं नव्हतं. आई आंधळी झाल्याचं कळल्यावर पहिल्या क्षणी मला आपल्या पैजेची काळजी वाटली, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. सामान आलं. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते, केस पिकलेला, उन्हानं रापलेला, शर्टाच्या खिशाला पेन. "आज आक्का सोता हजर!" म्हणत तो पिशव्या ठेवू लागला. आई आतनं तांब्या-वाटी घेऊन निघालीच होती.

"आई, राहू दे गं. त्यांना घाई असते," मी म्हटलं.

"असूंदे आक्का, सवं झालीया," तो पटकन म्हणाला. आईच्या हातातनं खडा घेतला, माझ्यादेखत तोंडात टाकला, वर पाणी प्याला. तोंड जराही वाकडं केलं नाही. आईनं विचारलं, "ग्वाड हाय न्हवं रं?" तो म्हणाला, "लई ग्वाड."

मी त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले. त्यानं कोपऱ्याकडं तोंड करून खडा थुंकला आणि पुन्हा माझ्याकडं वळला. मी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्यांदा वाटलं, चुकून आला आसंल," तो म्हणाला. "दुसऱ्यांदाबी तुरटीच. तवा आज्जीच्या डोळ्याकडं बघितलं. मग पाकिटातलं काय कुठलं हाय ते वाचून सांगाय लागलो. मीठ हितं, साबण तितं."

"मला सांगितलं का नाही? दर आठवड्याला फोनवर बोलत होतो आपण."

"तुमी घरची मानसं. म्हनलं, तुमास्नी ठावं आसंलच."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही.

"तुरटी?" मागून आवाज आला.

आई दारात उभी होती. तिचे कान पहिल्यापासून तिखट, आणि आम्ही दहा पावलांवर होतो. मागं अण्णाही आला होता. आई वळून आत गेली. फळीवर हात नेला, दोन डबे काढले, एकातला खडा जिभेला लावला, मग दुसऱ्यातला. बाहेर आली.

"किती येळा?" तिनं त्याला विचारलं.

"लई न्हाय, आज्जी."

"किती येळा?"

"पाच-सा."

आईनं दुसऱ्या डब्यातली खडीसाखर मूठभर घेतली आणि हात पुढं केला. हात थोडा बाजूला गेला, तो आपण होऊन सरकून त्या हाताखाली आला. ओंजळ धरली. तिथंच उभा राहून एक खडा चघळून खाल्ला, बाकीचे खिशात घातले. "येतो आज्जी," म्हणाला. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं नंबर मागितला नाही आणि मलाही आठवण झाली नाही. पुढल्या कोपऱ्यावरनं त्याचा फोन आला तेव्हा मी सांगितला.

आत येऊन आई जमिनीवर बसली. अण्णा तीन महिने ज्या क्षणाची वाट बघत होता तो आला होता, आणि तो दाराची कडी धरून उभा होता. मीच सुरुवात केली, "आई, आपण डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवू, सगळं ठीक होतं आताशा..."

"डोळ्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "दोन सालं झाली, सवं झाली मला. दुकानात गेलं की हाताला कळायचं. नाकाला कळायचं. दुकानदार बोलायचा, मानसं बोलायची. कुठं कायबी अडत नव्हतं." मग म्हणाली, "त्या प्लॅस्टिकातनं न्हाय कळलं."

मी तिच्या हातातला डबा घेऊन फळीवर ठेवला.

"माझ्या दारात मानसाला तुरटी खाया लागली. आन त्यो बापडा ग्वाड म्हनत ऱ्हायला." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. मी तिला वडील गेले तेव्हाही रडताना बघितलेलं नाही. तिनं पदर तोंडावर धरला. मग डोळे पुसून अण्णा जिथं होता त्या दिशेला तोंड करून म्हणाली, "माजी लुगडी भर. त्या ट्रंकंत हाईत."

"आई, एवढी घाई न्हाय," अण्णा म्हणाला. कुलपाचा हट्ट धरणारा माझा भाऊ हे म्हणाला. "पुढल्या महिन्यात बघू की."

"भर म्हनते न्हवं."

कुलूप आईनंच लावलं. चाचपून, एका झटक्यात.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्यातली नजर गेलेली, डाव्यात सावल्यांपुरती उरलेली. ते म्हणाले, "वर्ष-दीड वर्ष आधी आणलं असतं तर..." त्यांनीही वाक्य अर्धंच सोडलं. मी पुढचं विचारलं नाही.

आता आई माझ्याकडं असते. हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसते. मी अजूनही सामान मोबाइलवरच मागवते, नोकरी आहे, दुसरा इलाज नाही. खासबागेचा बाजार आमच्यापासून हाकेच्या अंतरावर भरतो, दोन-तीनदा तिला हाताला धरून नेलंही. पण तिथली माणसं तिच्या ओळखीची नाहीत. एका बाईनं "आज्जी, पोत्यात हात नको" म्हटलं, तेव्हापासून ती येत नाही.

इथं सामान आणणारी माणसं रोज वेगळी असतात. बेल वाजते, मी दार उघडेपर्यंत पिशवी पायरीवर आणि माणूस अर्ध्या जिन्यात.

"कोन आलतं?" आई विचारते.

"सामान आलंय."

"पानी दिलंस?"

"दिलं," मी म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जड गेलं, मग सवय झाली. ती "बरं केलंस" म्हणायची आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडं वळायचो. असे पाच-सहा महिने गेले.

परवा असंच झालं. बेल वाजली, मी पिशवी आत घेतली, दार लावलं. तिनं विचारलं, मी सांगितलं, दिलं. या वेळी ती "बरं केलंस" म्हणाली नाही.

"तांब्या वाजला न्हाय," आई म्हणाली. "आजवर एकदाबी वाजला न्हाय."

मी गॅस बंद केला, तांब्या भरून घेतला, गुळाच्या डब्यातला खडा घेतला आणि जिना उतरत खाली गेले. गाडी निघून गेली होती.